परतताना थांबू

रविवार, १४ मे २०१७
६१ किलोमीटर. चढ ७४० मीटर. सरासरी ताशी १९.४.

सरासरी विसाच्या खाली घसरली. गेल्या मे महिन्यात याच रस्त्यावर २१.२ होती, जुनी वही काढून पाहिली. पाहायला नको होती. छत्तीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवला, गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच. आता शिट्टी वाजवायला पोरं उरली नाहीत म्हणून मी स्वतःचेच आकडे लिहीत बसतो, असं क्लारा म्हणते. बायकोचं बोलणं किती मनावर घ्यायचं?

परतल्यावर हाउसी कॉफीला वर आला. चाळीस वर्षं आम्ही दोघं बर्नमधून निघून डोंगरात सायकली हाणतोय, आणि चाळीस वर्षं तो माझ्यामागून माथ्यावर पोचतोय. हे इथे लिहून ठेवतो, कारण तो स्वतः कुठेच लिहिणार नाही. आमचा घाटातला नियम तेव्हापासूनचा आहे: चढावर ज्याचा त्याचा वेग, भेट माथ्यावर. मध्ये कुणी कुणासाठी थांबायचं नाही. थांबलं की पाय गार पडतात आणि उरलेला चढ नाकी नऊ आणतो.

हाउसी म्हणाला, "अरे, शालेनबर्गच्या घाटात ते हिंटरमाटचं घर आहे ना, हिरव्या झडपांचं? तिथे नव्या बांधकामाच्या मापाच्या काठ्या उभ्या राहिल्यात. जुना गोठा पाडून नवा बांधणार. कुणाला हरकत घ्यायची असेल तर घ्या बाबांनो महिन्याभरात." मग क्लाराकडे वळून, "तुझी आहे का काही हरकत, क्लारा?"

ती कॉफी ओतत होती. "कधी पाडणार?" तिनं विचारलं.

"उन्हाळ्याच्या शेवटी. गवत आत घेतल्याशिवाय कोण शेतकरी गोठा पाडेल?"

तो गेल्यावर ती म्हणाली, "एर्विन, आपण एकदा शालेनबर्गला जाऊ या. तू आणि मी. पण या वेळी तिथे थांबायचं."

"खिंडीत? तिथे थांबतोच की आपण."

"खिंडीत नाही. त्या घरापाशी."

हे तिचं जुनं आहे. त्या चढावर, बरोबर त्या घरापाशी, तिला काही ना काही होतं. कधी बुटात खडा जातो, कधी चाकातली हवा कमी वाटते, कधी तिथल्या दगडी हौदाचं पाणीच प्यायचं असतं. चढ तिथे सर्वांत उभा आहे, दम लागतो, पण कबूल कोण करणार? मी दरवेळी म्हणतो, परतताना थांबू. आणि परतताना आपण खिंडीपलीकडे थूनला उतरतो आणि आगगाडीनं घरी येतो, त्यामुळे तो विषय आपोआप मिटतो. आता तर तिच्याकडे बॅटरीची सायकल आहे. खुब्याचा सांधा ऑक्टोबरमध्ये बदलायचाय, म्हणून मुलीनं घेऊन दिली. तिला कसला आलाय दम?

म्हटलं, जाऊ. जूनमध्ये गवत कापून झालं की रस्ता छान असतो.

गुरुवार, २५ मे
सुट्टी. सायकल नाही. पाऊस.

रेगुला जेवायला आली. क्लारानं वर्तमानपत्रातून रेवाचिनीच्या केकची कृती कापून फ्रिजवर लावलीय. रेगुलाला प्रत्येक गोष्ट उलटून पाहायची सवय, शाळेपासूनची. तिनं कागद काढून मागची बाजू वाचायला घेतली. "बाबा, हे पाहिलंस? शेतकऱ्यांकडे ठेवलेल्या मुलांबद्दल आहे. आता त्यांच्याकडून भरपाईसाठी अर्ज मागवलेत. जे हयात आहेत त्यांनी पुढं यावं म्हणून."

ठेवलेली मुलं कुणाला माहीत नाहीत? बाप मेला, आई आजारी, नाहीतर लग्नाशिवाय झालेलं पोर, की गावचे पंच त्याला उचलून एखाद्या शेतकऱ्याकडे ठेवायचे. पोटावारी राबायचं. माझ्याच वर्गात एक होता, एमिल नावाचा, शहराच्या कडेच्या शेतावरून यायचा. मागच्या बाकावर बसायचा, अंगाला गोठ्याचा वास. आम्ही त्याच्या शेजारी बसत नसू. मी म्हणालो, "वाईट झालं हे खरं, पण आता साठ वर्षांनी रडून काय? आणि निदान दूध तरी ताजं मिळालं असेल त्यांना. आम्हां शहरातल्यांना युद्धानंतर पाणीच मिळायचं दुधाच्या नावाखाली."

"दूध मिळायचं नाही," क्लारा म्हणाली.

"तुला काय माहीत गं आई?"

"ऐकलंय." आणि ती केक आणायला आत गेली. बराच वेळ आली नाही. मी डोकावलो, तर धुतलेल्या बशा पुन्हा धूत होती. क्लारा ऐकीव गोष्टींवर एरवी बोलत नाही. तीही लहानपणी काही वर्षं डोंगरात नातेवाइकांकडे राहिलीय, तिकडे काही कानावर आलं असेल. त्या दिवसांबद्दल ती फारसं सांगत नाही, मीही विचारत नाही. गाई आणि गवत, त्यात सांगण्यासारखं काय असणार?

केक उत्तम झाला होता. मी दोन तुकडे खाल्ले.

शनिवार, १७ जून
उद्या निघायचं. हवा पक्की आहे.

दोन्ही साखळ्यांना तेल घातलं, तिची बॅटरी भरली. क्लारा सकाळपासून पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरतेय. रविवारचा वेणीचा पाव आजच भाजला, आणि एक आख्खी वेणी कापडात गुंडाळून वेगळी ठेवली. म्हटलं, एवढी कुणाला? म्हणे, त्या घरी द्यायला. अनोळखी माणसांच्या दारात पाव घेऊन जाणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती. शिवाय पलंगावर तिचा पांढरा, चर्चला जायचा ब्लाउज इस्त्री करून ठेवलेला.

"सायकलवर हा घालणार? लग्न आहे का कुणाचं?"

"जॅकेटच्या आत घालेन."

जेवताना तिनं विचारलं, "तू माझ्याबरोबर आत येशील ना?"

"कुठं आत?"

"हिंटरमाटला. मला तिथलं काहीतरी दाखवायचंय तुला. मला एकटीला नाही जमायचं ते."

"येईन की. पण ओळख ना पाळख, आत घेतील का आपल्याला?"

"विचारू तर खरं." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "या वेळी विसरू नकोस हं." तिचा हात गार होता. मी वचन दिलं. लेकराला द्यावं तसं हसत दिलं, पण दिलं.

तिला कुठल्या तरी जुन्या पद्धतीचं नक्षीकाम दाखवायचं असेल. त्या बाजूच्या घरांच्या छपराखाली असतं तसलं.

रविवार, १८ जून
८४ किलोमीटर. चढ १२१० मीटर. सरासरी काढली नाही.

जसं घडलं तसं लिहायचं ठरवलंय. संध्याकाळचे सात वाजलेत. क्लारा खोलीत पडलीय, झोपलेली नाही.

साडेसातला निघालो. पूल ओलांडून म्युरीपर्यंत ट्रामच्या रुळांच्या कडेनं, मग नदीच्या बाजूनं. आरे नदी हिरवीगार आणि वेगात होती, तीनच माणसं पोहत होती. म्युनसिंगेनला पोचलो तर प्रार्थनेच्या घंटा चालू होत्या. क्लारा म्हणाली, "थांबून ऐकू या." थांबलो. मी काही राक्षस नाही. दोन मिनिटं थांबलो.

ओबरडीसबाखनंतर चढ सुरू होतो. लिंडेनच्या वर आलं की एकदम सगळा पडदा उघडतो: समोर निझेन आणि स्टॉकहॉर्न, मागे बर्फातली मोठी शिखरं, इतकी जवळ की शेजाऱ्याच्या अंगणात असावीत. उतारावर कालच कापलेलं गवत वाळत पडलेलं, त्याचा वास, गाईंच्या घंटा, जमिनीपर्यंत उतरलेल्या छपरांची लाकडी घरं. एका घराच्या कट्ट्यावर फ्रिज ठेवलेला, चीज घ्या आणि पैसे डब्यात टाका. क्लारा नेहमी अशा ठिकाणी रेंगाळते. आज नाही. आज तिनं शिखरांकडेही पाहिलं नाही. हँडल घट्ट धरून, ओठ मिटून चालवत होती. मी विचारलं, "बरी आहेस ना?" म्हणाली, "बोलू नकोस, नाहीतर मी परत फिरेन."

हे मी तेव्हा ऐकलं आणि मला वाटलं खुबा दुखतोय. 

ओबरआय गाव ओलांडलं आणि शालेनबर्गचा खरा चढ लागला. ती पन्नास पावलं मागे होती. तेवढ्यात मागून एक मुलगी आली. नारिंगी जर्सी, तिशीची असेल, पोनीटेल उडतेय. माझ्या बाजूनं जाताना मोठ्यानं ओरडली, "हॉप, आजोबा, हॉप!"

जोर लावा म्हणून प्रेमानंच ओरडली असणार. पण मी बाहत्तर वर्षांचा, माझी सरासरी घसरलेली, आणि मी व्यायामशिक्षक. मी सीटवरून उठलो आणि तिच्या मागच्या चाकाला चिकटलो. पहिलं वळण, दुसरं वळण. दहा वर्षांत पाय असे चालले नव्हते. छाती फुटायची वेळ आली होती आणि मला आनंद होत होता. हिंटरमाट उजव्या हाताला आलं. काठ्या पाहिल्या. गोठ्याच्या कोपऱ्यांवर चार बारीक काठ्या, नवा गोठा किती उंच होणार ते दाखवणाऱ्या. हिरव्या झडपा पाहिल्या. हौदही पाहिला. म्हणजे विसरलो असं म्हणायलाही मला जागा नाही. मला आठवलं. आणि मी मनात म्हणालो, इथे थांबलो तर ही पोर निसटली. परतताना थांबू. आज खरंच याच रस्त्यानं परतू, मग काय बिघडलं?

वरच्या वळणावर मागे पाहिलं. क्लारा घरापाशी पोचली होती. एक पाय जमिनीवर टेकवून उभी, आणि एक हात वर केलेला. मला वाटलं ती म्हणतेय, तू हो पुढे. मीही हात वर केला.

मुलगी निसटलीच. शेवटच्या किलोमीटरला मला दम राहिला नाही.

खिंडीत मोटारसायकलवाल्यांची रविवारची जत्रा होती. समोर होगांतची करडी भिंत उन्हात. मी हॉटेलच्या बाकावर बसलो, अंड्याच्या फेसाची गोड मेरिंग आणि साय मागवली, क्लारासाठीही एक सांगून ठेवली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. तिची साय वितळायला लागली तशी मी तीही खाल्ली. तिच्यासाठी एक टोमणा तयार केला: बॅटरी संपली वाटतं? अर्ध्या तासानं फोन लावला, तर माझ्याच मागच्या पिशवीत वाजला. चढावर वजन नको म्हणून सकाळी मीच तिचा फोन माझ्याकडे घेतला होता. शेजारच्या टेबलावरचे हसले. मीही हसलो.

तरी मी खाली गेलो नाही. नियम नियम असतो, भेट माथ्यावर. पन्नास मिनिटं झाली तेव्हा उठलो. तेव्हाही काळजीनं कमी आणि रागानं जास्त.

तिची सायकल हौदाला टेकलेली. जॅकेट हँडलवर. ती गोठ्याच्या मागून येत होती, पांढऱ्या ब्लाउजात, ब्लाउजच्या बाहीला जळमटं आणि धूळ. शेजारी पन्नाशीची एक बाई, कामाचे बूट घातलेली, क्लाराचा दंड धरून चालत होती. ती त्या घराची मालकीण, तेरेस. पंचवीस वर्षांपूर्वी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं ही शेती विकत घेतली, हे मला नंतर कळलं. तिचं डोळे पुसणं चाललं होतं. क्लाराचे डोळे कोरडे होते.

आणि मी काय बोललो? तयार केलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून बोललो, "बॅटरी संपली वाटतं?"

कुणी हसलं नाही. क्लारानं हौदात हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश.

"आलोय मी आता," मी म्हणालो. "चल, दाखव काय दाखवायचं ते."

"झालं, एर्विन."

"अगं, असं कसं झालं? मी थांबतो की. आपल्याला वेळच वेळ आहे."

"झालं माझं," ती म्हणाली. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

तेरेस मला म्हणाली, "तुमच्या मिसेस इथे सहा वर्षं होत्या. लहानपणी. तुम्हांला..." क्लारानं तिच्या हातावर हात ठेवला. मी वेड्यासारखं विचारलं, "म्हणजे तुझे ते नातेवाईक इथे राहायचे?"

"ते माझे कुणी नव्हते," क्लारा म्हणाली. जॅकेट चढवून तिनं चेन गळ्यापर्यंत ओढली.

मला तिथेच, त्या हौदापाशी, कळलं. एमिल आठवला, दुधाचं आठवलं, धुतलेल्या बशा आठवल्या.  वेणीचा पाव तेरेसच्या खिडकीत ठेवलेला दिसत होता.

परतीला तोच रस्ता धरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. क्लारा पुढे होती. मी जिवाच्या आकांतानं पाय मारत होतो, पण तिची मोटर आणि माझे पाय यांचा मेळ बसेना. लिंडेनच्या चढाला ती दिसेनाशी झाली. ती थांबली नाही, आणि का थांबावं तिनं?

मंगळवार, २० जून
सायकल नाही.

आज तिनं तीन-चार वाक्यं सांगितली. सातव्या वर्षी पंचांनी नेलं, तेराव्या वर्षी मावशीनं सोडवलं. गोठ्यावरच्या खोलीत झोपायची, शिडी लावून चढावं लागायचं. एवढंच. पाढे म्हटल्यासारखं बोलली, मग बटाटे सोलायला घेतले.

"एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. माझ्या आवाजात तक्रार होती, मलाच ऐकू आली.

"थांब म्हणत होते की," ती म्हणाली. "तिथे उभं राहिल्याशिवाय माझ्या तोंडून निघणार नव्हतं. मला माहीत होतं ते."

दुपारभर मी वह्या काढून बसलो. शालेनबर्ग, क्लाराबरोबर: अकरा वेळा. पहिली १९७९. माझंच अक्षर: "क्ला. हिंटरमाटला थांबली (खडा). ४ मि. वाया." १९८३: "क्ला. पाणी. थांबू दिलं नाही, सरासरी राखली." १९९१: "क्ला. त्याच ठिकाणी पुन्हा ढेपाळली. तयारी कमी पडते." २००४: "क्ला. रडवेली, कारण विचारता सांगेना. उन्हाचा त्रास."

कारण विचारलं असं लिहिलंय. मला आठवत नाही विचारल्याचं. नीट विचारलं नसणारच.

रविवार, ९ जुलै
३८ किलोमीटर.

हाउसीबरोबर नदीकाठानं सपाट रस्त्यावर गेलो. त्याला सांगितलं. त्याला कॉफीच्या वेळचा स्वतःचा विनोद आठवला, हरकत घेण्याचा, आणि त्यानं सायकल थांबवून तोंडावर हात घेतला. "तिनं माझ्या पेल्यात कॉफी ओतली रे," म्हणाला, "एक थेंब सांडला नाही." मग माझ्यावर घसरला. "आणि तू शिंच्या? तुला तिनं आदल्या दिवशी हात धरून सांगितलं होतं!"

"चढावर थांबायचं नाही, हा नियम तूही केलास," मी म्हणालो.

"मी हळू जातो म्हणून केला, गाढवा. माझी लाज वाटू नये म्हणून. बायकोला कशाला लावायचा?"

घरी आल्यावर क्लाराला म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ. मी तुझ्या मागे राहीन, तू म्हणशील तिथे उतरू. ती हसली, अगदी नेहमीसारखी. म्हणाली, "नको रे. उन्हात कशाला?" माझ्याशी नीट वागते. पूर्वीपेक्षा जास्तच नीट वागते. पाहुण्याशी वागावं तसं.

रात्री झोपेत बोलली तर ऐकावं म्हणून मी जागा राहतो. काही बोलत नाही.

सोमवार, ४ सप्टेंबर
७८ किलोमीटर. थांबे: एक.

तिला न सांगता एकटाच गेलो. कामाचा दिवस, घाटात कुणी नाही. उभा चढ पायी चढलो, सायकल ढकलत.

गोठा पडला होता. जुन्या लाकडांचा ढीग कडेला, नव्याचा पाया ओतलेला, त्याच्यावर ओली पोती. खोली जिथे असेल तिथे आता नुसतं आकाश होतं. मी मान वर करून बराच वेळ पाहत राहिलो, जणू काही दिसणार होतं.

तेरेसनं ओळखलं. कॉफी आणली, घरापुढच्या बाकावर आम्ही बसलो. मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी तिनं तुम्हांला काय काय दाखवलं, मला सांगाल का?"

"ते मी कसं सांगू? तुमच्या मिसेसना विचारा."

"ती म्हणते, सांगून झालं."

तेरेसनं कप बाकावर ठेवला. मग म्हणाली, "आत काय झालं ते नाही सांगणार. बाहेरचं सांगते. त्यांनी दार वाजवलं, पाव दिला, कोण ते सांगितलं. मी म्हटलं, या ना, मागून जाऊ. तर म्हणाल्या, थोडं थांबू या, माझा नवरा येतोच आहे. मग इथेच बसलो आम्ही, या बाकावर. मी विचारलं, पुढे गेलेत का ते? तर म्हणाल्या, हो, पण त्याला मी हात केलाय, त्यानंही केला. म्हणजे येईल तो."

हातातला कप कुठे ठेवावा, मला सुचेना.

"किती वेळ बसलात?"

"अर्धा तास तरी. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, मलाच विचारायच्या किती वाजले. एकदा मी म्हटलं, बाई, विसरले असतील. तर माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, विसरायचा नाही तो, वचन दिलंय त्यानं. माणूस थोडा हट्टी आहे, पण वचन मोडत नाही." तेरेसनं ॲप्रनला हात पुसले. "मग उठल्या आणि म्हणाल्या, चला, आता नाही गेले तर कधीच जाणार नाही. माझा हात धरला. इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी निळा पडला होता."

ती उठून आत गेली. मी बसून राहिलो. बाकावरून रस्ता वरच्या वळणापर्यंत सरळ दिसतो. कुणी उतरत असेल तर लगेच दिसेल, इतका सरळ.

सहाला घरी पोचलो. क्लारानं बटाटे उकडले होते, चीज काढून ठेवलं होतं. माझ्या बुटांवरची सिमेंटची धूळ तिनं पाहिली.

"तिकडे गेला होतास?"

"हो."

"पाडलं?"

"पाडलं. पाया ओतलाय."

"बरं झालं." तिनं माझ्या ताटात दोन बटाटे वाढले. "तेरेसनं कॉफी दिली का?"

"दिली. तू तिथे बसून माझी वाट पाहिलीस, म्हणाली."

ती बटाट्याचं साल काढत राहिली, ते नेहमीसारखं पातळ, सलग निघत होतं.

"क्लारा, मलाही सांग. सगळं सांग. मी इथेच बसलोय, कुठेही जात नाही. तुला वाटेल तेव्हा, वाटेल तितका वेळ."

तिनं सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. खरंच प्रयत्न करत होती. ओठ उघडले.  मग तिनं मान हलवली.

"तुलाच सांगणार होते, एर्विन," ती म्हणाली. "त्या दिवशी तुलाच सांगितलं असतं."

आणि माझ्याकडे चीजची बशी सरकवली. जेव, म्हणाली, बटाटे गार होतील. मी जेवलो.